घरी शिकणाऱ्या लहान मुलांसाठी एक रकाना हवाय : शालेय शिक्षण विभागाला खुलं पत्र

मा. शालेय शिक्षण मंत्री, मा. शिक्षण आयुक्त आणि विभागातल्या सगळ्या अधिकाऱ्यांना,

सोलापूरहून एका आईचा नमस्कार.

माझी मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा आता पाच पूर्ण करेल. दोघं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, आणि हे आम्ही नवराबायकोने खूप विचार करून, घरातल्या मोठ्यांशी बोलून (थोडं भांडून पण) ठरवलंय. होमस्कूलिंग म्हटलं की समोरच्याला वाटतं आता ही शाळांना नावं ठेवणार, म्हणून आधीच सांगते, माझे आईवडील दोघंही झेडपीचे शिक्षक होते, मी स्वतः मराठी शाळेत शिकले आणि माझ्या बाईंनी मला जे दिलं ते मी कधीच विसरणार नाही. शाळांवर माझा राग नाही. मागणी एकच आहे, की जी लहान मुलं खरोखर घरी नीट शिकतायत त्यांची सरकारकडे रीतसर नोंद व्हावी, कोणीतरी येऊन बघावं, आणि त्यांना शाळाबाह्य म्हणून मोजू नये.

मध्यंतरी शाळाबाह्य मुलांच्या सर्व्हेसाठी एक बाई आमच्या घरी आल्या होत्या. भर उन्हात गल्लीगल्ली फिरून आलेल्या, त्यांना आधी ताक दिलं, मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं आणि समोरचा पेपर वाचायला दिला. तिने सावकाश पण नीट वाचला, एका ठिकाणी अडली तर अर्थ विचारला. बाई खूश झाल्या. मग फॉर्म काढला. शाळेत जाते का, नाही. का जात नाही, त्याची जी कारणं होती त्यात आमचं कारण कुठंच बसेना. बाई मलाच म्हणाल्या, ताई मला सगळं कळतंय हो, पण हे लिहू कुठं? शेवटी "इतर" मध्ये गेलो आम्ही. त्यानंतर फोन आले, ॲडमिशन घ्या, नाव कुठंतरी टाकून ठेवा, मुलगी आली नाही तरी चालेल. हे शेवटचं वाक्य मला जास्त लागलं. म्हणजे पटावर खोटं नाव चालेल पण घरात खरं शिकलेलं चालणार नाही? मला माझ्या मुलीचं नाव खोटेपणाने कुठंही टाकायचं नाहीये आणि त्या बाईंनाही खोटी हजेरी लावायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

कायदा मी वाचलाय. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला, आणि त्याच दुरुस्तीने नागरिकांच्या कर्तव्यांमध्ये एक कर्तव्य वाढलं, की आईवडिलांनी किंवा पालकांनी या वयाच्या मुलाला शिक्षणाच्या संधी द्यायच्या. मग २००९ चा शिक्षण हक्काचा म्हणजे आरटीई कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १० मध्ये लिहिलंय की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. ते मी लपवत नाही, तुम्ही मला तेच दाखवणार हेही माहितीये. पण त्याच कायद्यात पालकाला दंड किंवा शिक्षा कुठंही नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला, एक लाखापर्यंत. स्वतःच्या पोटच्या पोरांना घरी बसून शिकवणाऱ्या आईबापांबद्दल कायदा हो पण म्हणत नाही आणि गुन्हा पण म्हणत नाही, नुसता गप्प आहे, आणि कायदा गप्प असला की प्रत्येक ऑफिसात ज्याला जसं वाटेल तसं उत्तर मिळतं. एकाने सांगितलं काही प्रॉब्लेम नाही, दुसऱ्याने सांगितलं नोटीस येईल, तिसऱ्याने सांगितलं असं काही नसतंच. आमच्यासारखी जी थोडीफार घरं आहेत ना, पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, नाशिककडे आहेत, ती सगळी याच गोंधळात जगतात आणि बरीचशी मग कोणाला सांगतच नाहीत, पाहुण्यांनी विचारलं तरी विषय बदलतात. लहान मुलांना पण कळतं हे, की आपल्याबद्दल काहीतरी लपवायचं असतं. सात वर्षांच्या मुलीने का लपवायचं?

आणि गंमत नाही, खरंच विचार करण्यासारखी गोष्ट आहे बघा. आपल्याच राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथं वयाची १० वर्षं पूर्ण झाली की मुलाला पाचवीची परीक्षा देता येते, पुढे आठवीची देता येते. दहावीला तर शाळेत न जाता बाहेरून परीक्षा द्यायचा १७ नंबरचा फॉर्म पिढ्यानपिढ्या चालत आलाय, आमच्या गल्लीत निम्म्या बायकांनी त्यावरच दहावी केली. केंद्राचं एनआयओएस हे मुक्त विद्यालय आहे. म्हणजे १० वर्षाचं मूल परीक्षेला बसलं की सरकार त्याला ओळखतं, ५ वर्षाच्या मुलाबद्दल सक्ती नाही, मधली ६ ते १० ही चार वर्षं मात्र मूल राज्याच्या कागदावर शाळाबाह्य. आणि नेमकी हीच वर्षं अशी असतात की ज्यात मूल घरी सगळ्यात छान शिकू शकतं.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं घरी शिकवतात म्हणजे एकतर सकाळपासून डोक्यावर बसत असतील नाहीतर पोरं दिवसभर मोबाईल बघत असतील.

सकाळी मुलं त्यांची झोप पूर्ण करून उठतात. नाश्ता, अंघोळ, कुंड्यांना पाणी, आपापली अंथरुणं घड्या करणं हे होईस्तोवर नऊ साडेनऊ होतात. मग बसून करायचं काम, वाचन, लिहिणं, गणित, हे मुलीचं साधारण दीड दोन तास, ते पण मध्ये उठून फिरून. मुलाचं तर अर्धा पाऊण तास, तो पण गोष्ट ऐकण्यातच जास्त जातो. दुपारी झोप किंवा चित्रं, माती, लाकडाचे ठोकळे, स्वयंपाकघरात लुडबूड. संध्याकाळी मैदान. उन्हाळ्यात सोलापूर चाळीसच्या वर जातं त्यामुळं एप्रिल मे मध्ये सगळं पहाटे आणि दुपारी पडदे लावून नुसती पुस्तकं. बस्स, एवढंच. लोक म्हणतात इतकंच? त्यांना मी एक हिशोब सांगते. आरटीईच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं सांगितलंय, म्हणजे दिवसाला चार तास. प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक. चार तास म्हणजे २४० मिनिटं, ३० ने भागा, एका मुलाच्या वाट्याला बाईंची ८ मिनिटं येतात, तेही बाईंना दुसरं कुठलंच काम, कुठलीच माहिती, कुठलंच ऑनलाईन भरणं नसेल तर. यात बाईंचा काही दोष नाही, मी शिक्षकांच्या घरात वाढलेय, किती कामं असतात ते बघितलंय. एवढंच सांगायचंय की घरी आईच्या शेजारी बसून केलेले दोन तास हे कमी नसतात. उलट मूल थकायच्या आत थांबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन बसतं.

आम्ही विषय वेगवेगळे शिकवत नाही, एक थीम घेतो आणि ती तीन चार आठवडे चालते, कधी जास्त. पाणी ही थीम घेतली तेव्हा आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही ते कामाला आलं, हंडे, बादल्या, टाकीत किती लिटर, उजनी धरण कुठं आहे, पाईप कुठून येतो, रांजणातलं पाणी गार का. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची एक थीम झाली. पण सगळ्यात रंगली ती ज्वारी.

माझ्या मामाचं शेत मंगळवेढ्याकडे आहे, काळी जमीन, पूर्ण कोरडवाहू, मालदांडी ज्वारी. येळवसीला (वेळ अमावास्येला) आम्ही सगळे शेतात गेलो, पेंढ्यांची कोप म्हणजे खोपी केलेली, आत पूजेला पाच पांडव मांडलेले, भज्जी, उंडे, आंबील पोटभर खाल्लं आणि मुलं दिवसभर त्या उंच ताटांमध्ये हरवून गेली. तिथून येताना मामाने थोडी कणसं दिली आणि आमच्या आजीच्या घरची धान्य मोजायची जुनी मापं पण दिली, चिपटं, मापटं, शेर, पायली. मी नुसती ती मापं आणि परातभर ज्वारी मुलांसमोर ठेवली, काही सांगितलं नाही. पहिला दिवस नुसता ओतण्यात गेला. दुसऱ्या दिवशी मुलीच्या लक्षात आलं की दोन चिपटी ओतली की मापटं भरतं, दोन मापट्यांचा शेर होतो, मग ती पायली भरायला बसली, चार शेर लागले. म्हणजे चिपटी किती? तिने बोटांवर केलं, चुकलं, मग परत सगळी ज्वारी काढून एकेक चिपटं मोजत ओतलं. सोळा. तिला इतका आनंद झाला की बाबांना दुकानात फोन करून सांगितलं. मग धाकट्याने भरलं तर त्याची पायली तेराव्या चिपट्यालाच वाहायला लागली. झालं, भांडण. तू खोटं मोजतोस, तू चिटिंग करतेस. मी मध्ये पडले नाही. बऱ्याच वेळाने मुलीने बघितलं की तो चिपट्याला शीग लावून, म्हणजे वर ढीग येईल असं भरतोय आणि आपण वरून हात फिरवून सपाट करतोय. मग तिने मला जो प्रश्न विचारला तो मी वहीत लिहून ठेवलाय, आई मग दुकानदार कसं देतो, शिगेचं की सपाट? आणि विकणारा सपाट देणार आणि घेणारा शिगेचं मागणार, मग भांडण होणार ना? तिथून तराजू आला, किलो आलं, सगळ्यांचं माप एक का असावं लागतं हे आलं. मी ते शिकवायचं म्हणून ठरवलं पण नव्हतं, पुस्तकातलं "मापन" मला तिला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

मग पीठ. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून गरम पाण्यात मळावं लागतं. मुलांनी दोन गोळे केले, एक गार पाण्यातला आणि एक कढत पाण्यातला (तो मी मळला), गार पाण्यातली भाकरी थापतानाच चिरली. का चिरली? तव्यावर फुगते ती का फुगते, आत काय असतं? वाफ असते म्हटल्यावर मुलाने भाकरीला सुरी लावून वाफ बाहेर काढून बघितली. पाऊस संपल्यावर पेरलेली ज्वारी पाण्याशिवाय कशी येते, तर काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून आम्ही दोन डब्यात काळी माती आणि वाळू भरून दोन्हीला सारखं पाणी घातलं आणि रोज बोट घालून बघितलं. पाखरं कणसं खातात मग मामा काय करतो, गोफण. आजी पूर्वी जात्यावर दळायची तेव्हा ओव्या म्हणायची, तिने दोन तीन म्हणून दाखवल्या, त्या मुलीने ऐकून लिहिल्या, ऱ्हस्व दीर्घ सगळं इकडंतिकडं, तसंच ठेवलं, नंतर तिचं तिनेच एक दिवस वाचताना सुधारलं. शेजारच्या कन्नड आजी ज्वारीला जोळा म्हणतात आणि वरच्या मजल्यावरच्या तेलुगू मावशी जोन्नलु म्हणतात, हे तीन शब्द तिने एकाखाली एक लिहून भिंतीवर लावलेत. आता यात मराठी किती, गणित किती, विज्ञान किती, भूगोल किती, इतिहास किती, सांगा ना मला. आणि हे सगळं दिवसाला दोन तासांच्या आत, रडारड नाही, क्लास नाही.

हे मी काही जगावेगळं सांगत नाहीये, तुमच्याच कागदांमध्ये आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून, करून बघण्यातून, शक्यतो आईच्या भाषेत शिकायचं म्हटलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, त्यात याच वयासाठी गोष्टी, खेळणी, परिसर, थीमवर आधारलेलं शिकणं हे सगळं आहे. दप्तराचं जे धोरण २०२० ला आलं त्यात दुसरीपर्यंत होमवर्क नको म्हटलंय. बालभारतीने स्वतः पहिलीची पुस्तकं एकात्मिक करून चार भागात आणली, मराठी गणित इंग्रजी एकाच पुस्तकात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुम्हीच जीआर काढला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, कारण मुलांची झोप होत नाही. त्या निर्णयाचं मला फार कौतुक वाटलं होतं, अजून वाटतं. आणि २०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा आणायचे जीआर मागे घेतले गेले तेव्हा तर सगळा महाराष्ट्र एकच बोलत होता, एवढ्याशा पोरांवर किती लादायचं. मग जे तुम्ही शाळांना करायला सांगताय तेच एखाद्या घरात चाललं असेल तर त्या घराला निदान नाव तरी असावं कागदावर.

आणि मराठी माणसाला हे परकं अजिबात नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतल्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथं आदिवासी पोरं दिवसभर गुरं चारायला जायची, ती शाळेत कशी येणार, म्हणून कुरणशाळा काढली, गुरं चरतात तिथंच शिकवायचं. आज अनुताई असत्या आणि त्यांच्यासमोर तो सर्व्हेचा फॉर्म ठेवला असता तर कुरणात बसून शिकणाऱ्या त्या पोरांना त्यांनी शाळाबाह्य लिहिलं असतं असं मला नाही वाटत. मूल कुठं बसलंय यापेक्षा ते शिकतंय का, हे त्या बायकांनी आधी बघितलं. तुमच्या खात्याकडे तीच परंपरा आहे, म्हणून तर मी इतक्या हक्काने लिहितेय.

आता तुमची काळजी. ती मला खोटी वाटत नाही, उलट माझी पण तीच काळजी आहे. उद्या घरी शिकवतो म्हणायचं आणि पोरीला भांडी घासायला, धाकट्याला सांभाळायला ठेवायचं, किंवा ऊसतोडीला घेऊन जायचं, किंवा चौदा पंधराव्या वर्षी गुपचूप लग्न लावून द्यायचं, असं होणार नाही का? होऊ शकतं. आमच्या जिल्ह्यातून पण तोडीला कुटुंबं जातात, मी बघितलंय पोरांचं काय होतं ते. शाळा ही कितीतरी मुलींसाठी घराबाहेर पडायची एकमेव जागा आहे आणि ती कोणी काढून घेऊ नये. म्हणूनच मी म्हणतेय की नोंद करा. आज घरी नीट शिकणारी मुलगी आणि कामाला जुंपलेली मुलगी या दोघी तुमच्या कागदावर एकाच शब्दाखाली आहेत. त्या वेगळ्या केल्या तर जिला खरंच तुमची गरज आहे तिच्याकडे त्या सर्व्हेवाल्या बाई लवकर पोचतील, माझ्या घरी ताक पिऊन परत परत फोन करण्यात त्यांचा वेळ जाणार नाही.

दुसरं, मुलं मिसळणार कशी. आमची मुलं वाड्यातल्या, गल्लीतल्या पोरांत असतात, वेगवेगळ्या वयाच्या, वेगवेगळ्या भाषेच्या. पण खरं सांगायचं तर सकाळी साडेदहा ते साडेचार सगळी गल्ली रिकामी असते आणि माझ्या मुलीला तेव्हा मैत्रिणी हव्या असतात. मोठं मैदान, प्रयोगाचं सामान, स्नेहसंमेलन, कवायत, वीस पंचवीस पोरांनी मिळून केलेला कल्ला, हे मी घरात नाही देऊ शकत. म्हणून तर खाली जी मागणी आहे ती नीट वाचा अशी विनंती आहे. परीक्षेचं म्हणाल तर पायाभूत टप्प्यात लेखी परीक्षेपेक्षा मुलाला बघून, त्याचं काम बघून समजून घ्या असं तुमचाच आराखडा सांगतो. वाचन आणि गणिताच्या पायासाठी सरकारचं जे निपुण अभियान आहे त्याचे निकष आहेत, तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचता यावेत, ९९९९ पर्यंतच्या संख्या लिहिता वाचता याव्यात. हे निकष आम्हाला मान्य आहेत, या आणि बघा, फक्त स्टॉपवॉच लावून मुलाला घाबरवू नका एवढंच.

आणि हे सगळ्यांना जमणारं नाही हेही मला ठाऊक आहे. नवऱ्याचं दुकान आहे, मी घरी बसून हिशोबाची कामं करते, सासूबाई मदतीला आहेत, म्हणून आम्हाला जमतंय. मी कोणालाच शाळा सोडा म्हणून सांगत नाही, कोणी विचारलं तर आधी जवळच्या शाळेत जाऊन बघा असंच म्हणते.

तर मागणी अशी आहे. सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी गृहशिक्षणाची एक साधी नोंद सुरू करा, केंद्र शाळेत किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, एक पानाचा फॉर्म, मुलाचं नाव, जन्मतारीख, कोण शिकवणार, कुठल्या भाषेत, साधारण काय. फी नको. वर्षातून दोनदा केंद्रप्रमुखांनी किंवा जवळच्या शाळेतल्या बाईंनी घरी यावं किंवा आम्ही मुलांना घेऊन यावं, त्यांनी मुलांशी गप्पा माराव्यात, वह्या, चित्रं, भिंतीवरचे कागद बघावेत आणि दोन ओळी लिहाव्यात. एखाद्या घरात मूल शिकत नाहीये असं दिसलं तर आईवडिलांना आधी सांगा, मदत करा, तरी नाही सुधारलं तर शाळेत घाला, त्याला माझी ना नाही. अंगणवाडीत आणि शाळेत जी आरोग्य तपासणी होते, लसी होतात, त्यात ही मुलं पण असू द्या, कारण मूल डॉक्टरच्या आणि बाईंच्या नजरेसमोर असलं की ते सुरक्षित राहतं. ही सोय फक्त स्वतःच्या मुलांसाठी असावी, नाहीतर उद्या कोणीतरी एका फ्लॅटमध्ये तीस पोरं गोळा करून होमस्कूल सेंटर म्हणून बोर्ड लावेल आणि भरमसाट फी घेईल, ती मान्यता नसलेली शाळाच झाली, तिला कायदा लावाच.

शाळेत परत जायचं दार मात्र कायम उघडं ठेवा. आरटीईच्या कलम ४ मध्ये वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचं लिहिलंच आहे, पण प्रत्यक्षात दाखला कुठाय, आधीच्या शाळेचा टीसी कुठाय, पोर्टलवर आयडी कुठाय असं विचारून माणसं परत पाठवतात. नोंदीबरोबर मुलाला एक आयडी मिळाला तर उद्या माझी मुलगी म्हणाली आई मला शाळेत जायचंय (आणि ती म्हणेलच एक दिवस, तिचा तो हक्क आहे) तर दुसऱ्या दिवशी तिला वर्गात बसता यावं.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जवळच्या झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेत या मुलांना अर्धवेळ येऊ द्या. आठवड्यातून दोन दिवस, खेळाला, गाण्याला, प्रयोगाला, लायब्ररीला. आज पटसंख्या कमी म्हणून मराठी शाळा बंद पडायच्या भीतीत आहेत, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) एकेका मुलामागे शिक्षकांची पदं जातात, आणि इकडे आमची मुलं शाळेच्या मैदानाच्या भिंतीवरून डोकावून बघत उभी असतात. त्यांना पटावर खरं नाव, खरी दोन दिवसांची हजेरी असा वेगळा रकाना द्या. शाळेला चार मुलं मिळतील, आमच्या मुलांना शाळा मिळेल. माझ्या मुलीने ती मापं आणि ज्वारी नेऊन वर्गातल्या पोरांना दाखवायची, आणि तिथल्या पोरांकडून कवायत आणि कबड्डी शिकून यायचं, याला कोणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. एका जिल्ह्यात, अगदी एका तालुक्यात करून बघा. सोलापुरात करायचं ठरलं तर पहिला फॉर्म मी भरते, आणि ज्या शाळेत सांगाल तिथं आठवड्यातला एक दिवस बिनपगारी येऊन पोरांना गोष्टी सांगायला, वाचायला बसवायला तयार आहे. माझ्या ओळखीतल्या अजून दोन आया पण तयार आहेत, त्यांना विचारूनच लिहितेय.

उत्तराची वाट बघतेय.

आपली,
घरी शिकणाऱ्या दोन मुलांची आई,
सोलापूर